पूलचा पंप किती तास? आधी फेरे मोजा

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत दर मार्च महिन्यात एकच भांडण होतं. खजिनदार काकांच्या हातात विजेचं बिल असतं आणि त्यांचं म्हणणं ठरलेलं: पूलचा पंप चार तास चालला तरी पुष्कळ. समोर दोन-तीन आया बसलेल्या असतात. त्यांची मुलं सुट्टीभर पाण्यातून बाहेर निघत नाहीत, त्यामुळे त्यांना पंप चोवीस तास हवा असतो. मग कोणीतरी देखभाल करणाऱ्या एजन्सीचा जुना कागद काढतं. त्यावर 'रोज नऊ तास' असं लिहिलेलं आहे. नऊवर शिक्का बसतो आणि चहा येतो.

हे नऊ आले कुठून, हे तीन वर्षं कोणी विचारलं नाही. मीही नाही. गेल्या एप्रिलमध्ये पाणी गढूळ झालं, खोल बाजूचा तळ दिसेना, तेव्हा कुठे मी पंप रूममध्ये जाऊन बसलो.

इंटरनेटवर शोधलं तर 3 तासांपासून 24 तासांपर्यंत सगळी उत्तरं मिळतात, आणि गंमत म्हणजे ती आपापल्या जागी बरोबरही असतात. अमेरिकेत फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाने घरगुती 120 पूल तपासले होते. ज्यांनी पंप दिवसाला 3 तासांपेक्षाही कमी चालवला, त्यांतले बहुतेक लोक पाण्यावर खूश होते. पण तो घरामागचा पूल. त्यात चार माणसं उतरणार, तीही शनिवार-रविवारी. फ्रान्समधले पूलवाले पाण्याच्या तापमानाला दोनने भागतात. पाणी 28 अंश असेल तर पंप 14 तास. पाणी गरम झालं की शेवाळ आणि जंतू वेगाने वाढतात, म्हणून हा आडाखा. सार्वजनिक पूलचं गणित आणखी वेगळं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या नियमांत पूलचं सगळं पाणी 6 तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं, आणि पंप बहुधा रात्रंदिवस सुरूच असतो.

सोसायटीचा पूल घरगुती आणि सार्वजनिक या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अडकलेला. एरवी रिकामा, मे महिन्यात जत्रा. त्यामुळे दुसऱ्याचे तास उसने घेऊन आपलं भागत नाही.

आधी पाणी फिरतं कसं ते बघू. पूलच्या कडेला, पाण्याच्या पातळीवर चौकोनी तोंडं असतात, ते स्किमर. वर तरंगणारी पानं, गुलमोहराच्या पाकळ्या, माशा, डोक्याला लावलेलं खोबरेल तेल असं सगळं ते आत ओढतात. तळाला जाळी असते, तो मेन ड्रेन. दोन्हीकडून आलेलं पाणी पंपात, पंपातून वाळू भरलेल्या मोठ्या डेऱ्यासारख्या सँड फिल्टरमध्ये, आणि तिथून भिंतीतल्या नोझलमधून परत पूलमध्ये. एवढाच खेळ. पूलमध्ये जेवढं पाणी आहे तेवढं फिल्टरमधून गेलं की त्याला टर्नओव्हर म्हणतात. आमचे पंपवाले मामा त्याला 'फेरा' म्हणतात. मला तोच शब्द आवडतो.

विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीला हे चटकन कळतं. पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून ज्या विहिरीत उडी मारली, तिला ना फिल्टर होता ना क्लोरीन. पण खालून झरे येत होते आणि वरून मोट किंवा पंप रोज पाणी उपसून शेतात टाकत होता. म्हणजे तिथेही फेरा होताच, फक्त जुनं पाणी उसाला जात होतं. ज्या विहिरीचा उपसा बंद पडतो तिच्यावर महिन्याभरात हिरवी साय येते. पूलमध्ये नवं पाणी येत नाही, तेच ते गाळून वापरायचं, म्हणून पंपाला झऱ्याचं काम करावं लागतं.

आता एक घोळ. एक फेरा झाला म्हणजे सगळं पाणी गाळून झालं, असं वाटतं. तसं होत नाही. घरी करून बघा: बादलीत वीस ग्लास पाणी घ्या आणि कपड्यांची नीळ टाका. मग एक ग्लास निळं पाणी काढून टाका, एक ग्लास स्वच्छ पाणी घाला, ढवळा. असं वीस वेळा करा. हिशोबाने बादलीभर पाणी बदललं, तरी पाणी निळं दिसतंच, कारण एक तृतीयांशाहून जास्त नीळ अजून आत असते. प्रत्येक ग्लासात जुन्याबरोबर नुकतं घातलेलं पाणीही निघून जातं ना. पूलमध्येही गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. त्यामुळे एका फेऱ्यात सुमारे 63 टक्के पाणी फिल्टर बघून येतं, दोन फेऱ्यांत 86, तीन फेऱ्यांत 95, चार फेऱ्यांत 98.

खजिनदार काकांना मी हेच आकडे दाखवले आणि ते पहिल्यांदा माझ्याकडे सरकून बसले. पहिल्या फेऱ्याच्या विजेत 63 टक्के काम होतं, चौथ्या फेऱ्याच्या तितक्याच विजेत जेमतेम 3 टक्के. म्हणजे चोवीस तासांचा आग्रह आमच्यासारख्या पूलला बहुतेक दिवस महाग पडतो. पण काकांचे चार तासही यात बसत नाहीत, कारण चार तासांत आमचा एक फेरासुद्धा पुरा होत नाही.

हे कळायला दोन आकडे लागतात: पूलमध्ये पाणी किती, आणि पंप तासाला खरंच किती ढकलतो.

पहिला सोपा. आमचा पूल 15 मीटर लांब, 6 मीटर रुंद, खोली 0.9 पासून 1.5 मीटरपर्यंत, म्हणजे सरासरी 1.2. गुणाकार 108 घनमीटर, म्हणजे 1 लाख 8 हजार लिटर. (तळ एकसारखा उतरता असेल तरच सरासरी अशी काढता येते. मध्येच खड्डा असेल तर तुकडे पाडून मोजा.)

दुसरा आकडा सगळे पंपाच्या कागदावरून उचलतात आणि तिथेच फसतात. आमच्या कागदावर तासाला 24 घनमीटर लिहिलेलं होतं. 108 भागिले 24, साडेचार तासांत एक फेरा. दोन फेरे नऊ तासांत. एजन्सीचे नऊ इथून आले होते. पण 24 हा आकडा पंपासमोर फारसा अडथळा नसतानाचा. आमचा पंप पाणी ढकलतो ते पंधरा एल्बो, दोन व्हॉल्व्ह आणि वाळूच्या थरातून.

फ्लो मीटर बसवला तर उत्तम. आमच्याकडे नव्हता, म्हणून आम्ही बॅकवॉशच्या दिवशी मोजलं. फिल्टर धुताना पाणी उलटं फिरवून गटारात सोडतात, म्हणजे ते पाणी जाणारच असतं. सकाळी कोणी पाण्यात नसताना पूलच्या टाइलवर स्टीलची पट्टी चिकटवली, भरणाऱ्या पाण्याचा नळ बंद केला, धुण्याचं काळं पाणी जाऊन पाईपवरच्या काचेत स्वच्छ दिसू लागलं तेव्हा घड्याळ लावलं. 4 मिनिटांत पातळी 12 मिलिमीटर उतरली. पृष्ठभाग 90 चौरस मीटर, म्हणून गेलेलं पाणी 1,080 लिटर. मिनिटाला 270, तासाला 16.2 घनमीटर.

कागदावर 24, प्रत्यक्षात 16. तोही फिल्टर धुतल्यावर. बॅकवॉशचा प्रवाह आणि रोजचा प्रवाह अगदी सारखा नसतो, तेव्हा हा अंदाजच. पण कागदापेक्षा कितीतरी बरा. ज्यांचा पूल काठोकाठ भरून बाहेरच्या चरात सांडतो, त्यांनी पातळी पूलमध्ये न बघता बॅलन्सिंग टँकमध्ये, म्हणजे चरातलं पाणी जमा होतं त्या टाकीत बघावी. तिथे गणित जरा वेगळं होतं, कारण चरातून पाणी येत राहतं.

तर आमचा एक फेरा 6 तास 40 मिनिटांचा. नऊ तासांत आम्ही दोन फेरे समजत होतो, होत होता सव्वाच्या जरासा वर.

एप्रिलच्या गढूळ पाण्याचं कारण मात्र याहून मजेशीर निघालं. त्या महिन्यात पूलच्या सबमीटरवर युनिट कमी आले होते. काका खूश. मामांना विचारलं तर म्हणाले, 'पंप रोज नऊ तासच चालतोय साहेब, वहीत बघा.' वही खरी होती. फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा काटा मात्र 1.6 किलोवर जाऊन बसला होता. धुतलेल्या फिल्टरला तो 0.8 असतो. वाळू तेलकट घाणीने भरली, पाण्याला वाट राहिली नाही, आणि असा पंप पाणी कमी ढकलतो तेव्हा वीजही कमी घेतो. तास तेच, बिल कमी, फेरे निम्मेसुद्धा नाहीत. विजेचं बिल खाली आलं की काळजी करावी अशी जागा मी पहिल्यांदाच पाहिली.

तेव्हापासून आमचा नियम आहे: धुतल्यानंतरचं प्रेशर फिल्टरवर मार्करने लिहायचं आणि काटा त्याच्यावर अर्धा किलो गेला की बॅकवॉश. वारावर जायचं नाही. मे महिन्यात तीन दिवसांनी वेळ येते, डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांनी. उगाच रोज धुणंही चांगलं नाही. एक तर पाणी जातं, आणि थोडीशी मळलेली वाळू अगदी धुतलेल्या वाळूपेक्षा बारीक कण जास्त अडवते.

आता किती फेरे हवेत? फिल्टर जितकी घाण रोज काढतो आणि माणसं जितकी रोज आणतात, त्यांचा समतोल कुठे बसतो यावर पाणी ठरतं. पोहणारे दुप्पट झाले आणि पाणी तितकंच स्वच्छ हवं असेल तर फेरे दुप्पट लागतात. यात सूट नाही. म्हणून वर्षभर एकच आकडा ठेवणं हाच मुळात चुकीचा हट्ट. आम्ही मे महिन्यात दोन फेरे धरले, म्हणजे साडेतेरा तास. फ्रेंच आडाख्याने 28 अंशाला 14 येतात, इतका जवळचा आकडा बघून मला उगाचच बरं वाटलं. पावसाळ्यात पोहणारे कमी, पण पाऊस धूळ आणि पानं आणतो, क्लोरीन पातळ करतो, म्हणून दीड फेरा. थंडीत आमचा पूल गरम केलेला नसल्याने दहा-बारा हट्टी मंडळी सोडली तर कोणी फिरकत नाही. तेव्हा आठ तास पुरतात. बेबी पूल वेगळा असेल तर त्याला हे गणित लावू नका. पाणी थोडं, मुलं फार, आणि ती पाण्यात काय काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. तिथलं पाणी एक-दोन तासांत फिरायला हवं.

इथे आयांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी आणि त्यांच्या विरुद्धही एक. विरुद्धची आधी: पंप जंतू मारत नाही. फिल्टरची वाळू धूळ, केस, शेवाळाचे कण अडवते. जंतू तिच्या फटींपुढे फार लहान असतात. त्यांना क्लोरीन मारतो. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या आकड्यांनुसार 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) क्लोरीनमध्ये ई-कोलाय मिनिटाच्या आत मरतो, कावीळ करणाऱ्या हिपॅटायटिस ए विषाणूला 16 मिनिटं लागतात, जिआर्डिया या परजीवीला 45 मिनिटं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाब लावणारा परजीवी मात्र दहा दिवसांहून जास्त टिकतो. तेव्हा जुलाब होणाऱ्या मुलाला पाण्यात उतरू न देणं, बरं झाल्यावरही थोडे दिवस थांबवणं, याला पंपाचे कितीही तास पर्याय नाहीत. क्लोरीन 1 ते 3 पीपीएम आणि पीएच 7.2 ते 7.8, हे दोन आकडे रोज टेस्ट किटने बघायचे. पीएच 8 झाला की क्लोरीन किटमध्ये दिसतो खरा, पण त्यातला जेमतेम पाव भाग जोरदार काम करतो. आणि ज्याला आपण 'क्लोरीनचा वास' म्हणतो, तो बहुतेक वेळा घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो. वास येतो म्हणजे औषध भरपूर आहे असा अर्थ काढू नका. उतरण्याआधी साबणाने अंघोळ केली तर पंपाचं बरंच ओझं कमी होईल, पण ते आमच्या सोसायटीत सांगून बघितलंय.

आता त्यांच्या बाजूची गोष्ट: क्लोरीन पाण्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात नेण्याचं काम पंपच करतो. म्हणून एकूण तासांइतकंच ते तास कधी, हेही महत्त्वाचं. पूर्वी आमचा पंप रात्री अकरा ते सकाळी आठ चालायचा, म्हणे 'पोरांना त्रास नको'. म्हणजे संध्याकाळी साठ मुलं पाण्यात असताना पाणी साचलेलं, आणि सगळे झोपल्यावर ते फिरतंय. मुलं आत असताना पंप सुरूच हवा, आणि ती बाहेर पडल्यावर पुढचे दोन-तीन तासही. भर दुपारी आणखी एक हप्ता लागतो, कारण उघड्या पूलमधला साधा क्लोरीन एप्रिलच्या उन्हात दोन-तीन तासांत बहुतांश उडून जातो आणि शेवाळाला तर तेच ऊन हवं असतं. आमचं मे महिन्याचं वेळापत्रक असं झालं: पहाटे साडेपाच ते दहा, दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी चार ते रात्री अकरा. क्लोरीन रात्री साडेआठला, पूल बंद झाल्यावर. टायमरला हे सगळं एकदा लावलं की मामांना पळापळ नाही. वेळेनुसार विजेचा दर बदलणारं मीटर असेल तर स्वस्त वेळ बिलावर बघून दुपारचा हप्ता वाढवता येईल, पण त्यासाठी संध्याकाळचा कापू नका.

पैशाचं बोलू. आमची 2 हॉर्सपॉवरची मोटर तासाला सुमारे 1.9 युनिट घेते. नऊ तासांऐवजी दोन पूर्ण फेरे चालवले तर रोज साधारण 8 युनिट वाढतात. युनिट 12 रुपये धरलं तर महिन्याला 3,000 रुपयांच्या आसपास. 84 घरांत वाटले तर घरामागे 35. दुसऱ्या पारड्यात हे टाका: पूल हिरवा पडून पाणी काढून टाकायची वेळ आली तर 10,000 लिटरचे अकरा टँकर. मे महिन्यात टँकरचा भाव काय असतो ते पुणेकरांना सांगायला नको.

खरी बचत तासांत नसून वेगात आहे, आणि हे पटायला जरा वेळ लागतो. पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मं येतं, पण वीज निम्मी लागत नाही, आठवा हिस्सा लागते. पाईपमधून पाणी जितकं जोरात ढकलाल तितकं घर्षण प्रचंड वाढतं. गाडी 120 ने हाणली की पेट्रोलचा काटा कसा पडतो, तसंच. वेग निम्मा केला म्हणून पंप दुप्पट वेळ चालवला, तरी फेऱ्यामागे वीज गणिताने चौथा हिस्साच. प्रत्यक्षात मोटर आणि तिचा वेग बदलणारा ड्राइव्ह आपला वाटा खातात, तेव्हा इतकं पदरात पडत नाही, पण जे पडतं तेही भरपूर असतं. अमेरिकेने 2021 पासून पूल पंपांना जे नियम लावले, त्यामुळे तिथे जमिनीतल्या पूलचे मोठे एकवेगी पंप नव्याने विकणं जवळपास थांबलं, ते याच गणितामुळे.

आमच्याकडे असा ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, बसवायचं ठरतंय. 50 ऐवजी 35 हर्ट्झवर चालवलं तर एक फेरा साडेनऊ तासांचा होईल, पण वीज कागदावर निम्मी. वाळूतून पाणी सावकाश गेलं की गाळलंही चांगलं जातं. अटी मात्र आहेत. साधा व्हीएफडी थ्री-फेज मोटरला लागतो, कपॅसिटरवाल्या सिंगल-फेज मोटरला लावायचा नाही. बॅकवॉश पूर्ण वेगातच करायचा, नाहीतर वाळू उचलली जात नाही आणि घाण आतच राहते. आणि वेग इतकाही उतरवायचा नाही की स्किमरची ओढच संपेल आणि पानं पाण्यावर तरंगत राहतील.

एक गोष्ट तासांच्या गणितात बसत नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही: मेन ड्रेनची जाळी तुटलेली किंवा सैल असेल तर पूलमध्ये माणूस असताना पंप एक मिनिटही चालवू नका. त्या ओढीत केस किंवा हात अडकून माणसं दगावली आहेत.

सगळं मोजून झाल्यावरही शेवटचा निकाल डोळ्यांनी द्यायचा असतो. पायऱ्यांमागचा कोपरा, शिडीच्या खालची जागा, नोझलपासून सगळ्यात लांबची भिंत इथे पाणी फिरत नाही. तिथे टाइलवर बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं तर आधी नोझलची दिशा वळवून बघा, तास नंतर वाढवा. आमच्याकडे एक नोझल वळवल्यावर पायऱ्यांमागचं शेवाळ पंधरा दिवसांत गेलं, एक पैसाही न घालता.

थंडीत आम्ही तास कमी केले तेही असेच, एकदम नाही. दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास उतरवत गेलो. मामांना एकच काम वाढलं: सकाळी सातला खोल बाजूच्या काठावर उभं राहून तळाच्या जाळीच्या पट्ट्या मोजायच्या. अकरा पट्ट्या आहेत. अकरा मोजता आल्या तर पुढच्या आठवड्यात आणखी उतरवायचं, नाही आल्या तर मागच्या आकड्यावर परत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात साडेसात तासांवर मामांच्या वहीत नोंद आहे, 'पट्ट्या नऊ, दोन धुरकट'. त्या दिवसापासून टायमर आठवर आहे.